विश्लेषण : एक खंजिरी, खिशातली भजनावली आणि हजारो गावे, तुकडोजी महाराजांची गाणी अजूनही का टिकून आहेत?

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी प्रचंड जनसमुदाय एकदम स्तब्ध होतो. टाळ थांबतात, खंजिरी थांबते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच वेळी देह ठेवला. आयुष्यभर गात राहिलेल्या माणसाला लोक मौनाने श्रद्धांजली वाहतात. त्यासाठी विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसे मोझरी गाठतात, वाशिम जिल्ह्यातूनही जातात.

लोकप्रिय गायकांच्या निवडक गाण्यांचे संग्रह निघतात, गाजतात आणि काही वर्षांनी मागे पडतात. तुकडोजी महाराजांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांची भजने गावातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज म्हटली जातात. हे कसे घडले? त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या गाण्यांचा प्रवास समजून घेऊ.

कोण होते तुकडोजी महाराज?

त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी, एका गरीब कुटुंबात झाला. आईचे नाव मंजुळाबाई. ३० एप्रिल हा दिवस आज 'ग्रामजयंती' म्हणून साजरा होतो.

माणिकचे शाळेत मन रमले नाही. प्राथमिक शिक्षणही पूर्ण झाले नाही. ओढ होती ती भजनाची. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव आडकोजींनीच दिले, असे सांगितले जाते. भाकरीच्या तुकड्यांवर दिवस काढणारा मुलगा म्हणून तुकड्या. पुढे हेच नाव भजनाच्या शेवटच्या कडव्यात 'तुकड्यादास' म्हणून येऊ लागले आणि लोकांनी त्याला आदराने 'जी' जोडले.

तरुणपणी ते घर सोडून निघाले. रामटेक, सालबर्डी, चिमूर तालुक्यातील गोंदोड्याचे जंगल अशा ठिकाणी त्यांनी काळ घालवला. गोंदोडा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखला जातो. जंगलातून ते परत आले तेव्हा हातात खंजिरी होती आणि आवाज ऐकायला गावेच्या गावे जमू लागली होती. १९३५ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी येथे झालेल्या महारुद्र यज्ञाला लाखोंची गर्दी लोटली. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला.

वाद्य म्हणून खंजिरीच का?

खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले आणि कडेला धातूच्या चकत्या बसवलेले छोटे वाद्य. एका हाताने धरायचे, दुसऱ्या हाताने वाजवायचे. ताल आणि झंकार दोन्ही एकाच वाद्यातून मिळतात. पेटी, तबला आणि त्यांचे वादक सोबत न्यावे लागत नाहीत. पायी किंवा बैलगाडीने फिरणाऱ्या गायकाला याहून सोयीचे काय असणार?

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. महाराजांची भजने बैठकीत ऐकण्यासाठी नव्हती, सोबत म्हणण्यासाठी होती. धृपद सोपे, शब्द रोजच्या बोलण्यातले. एकाने ओळ म्हणायची आणि समोरच्या शेकडो जणांनी ती उचलायची. ज्याला सूर कळत नाही, त्यालाही टाळी देता येते. म्हणूनच गायक पुढच्या गावाला गेला, तरी गाणे गावात राहायचे.

रेडिओही नसलेल्या गावांत गाणी पोहोचली कशी?

त्या काळी वऱ्हाडातल्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. ग्रामोफोन असलाच तर एखाद्या वाड्यात. अशा वेळी गाणे पसरवण्याचे काम केले ते छोट्या, स्वस्त भजनावलीने. 'अनुभव सागर भजनावली', हिंदी भजनांचा 'लहर की बरखा' असे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. ज्यांना वाचता येत होते त्यांनी वाचायचे, बाकीच्यांनी ऐकून पाठ करायचे.

यात एक साधी, पण फार उपयोगी सोय होती. अनेक भजनांच्या वर 'तर्ज' दिलेली असे. म्हणजे हे भजन कोणत्या ओळखीच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे, याची सूचना. स्वरलिपी वाचता येणारा माणूस गावात नसला, तरी चाल अनेकांच्या कानात असायची. नवे शब्द जुन्या चालीवर बसले की भजन लगेच तोंडी यायचे.

१९४३ मध्ये गुरुकुंजात स्वतःचा छापखाना सुरू झाला. त्याच सुमारास श्री गुरुदेव सेवा मंडळाची घडी बसली आणि गावोगावी शाखा निघू लागल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा शाखेचा नेम. देवळात, पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर रांगेत बसायचे, जातपात न पाहता शेजारी बसायचे आणि एकत्र म्हणायचे. छापखान्यातून पुस्तक आले, शाखेतून रोजचा सराव झाला. गाणी टिकण्यामागचे खरे कारण या जोडीत आहे.

भजन गाणाऱ्या माणसाला अटक का झाली?

१९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभर राहिले. (तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. गजानन महाराजांचे शेगाव वेगळे.) त्यानंतर त्यांच्या भजनांत स्वातंत्र्याचा विषय अधिक स्पष्टपणे येऊ लागला. देवाला जागे करणाऱ्या चालीवर गावाला जागे करणारे शब्द आले.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' आंदोलनाचा भडका चिमूर, आष्टी, बेनोडा आणि महाराजांचे जन्मगाव यावली येथेही उडाला. चिमूरमध्ये १६ ऑगस्टला लोक रस्त्यावर उतरले. हिंसाचारात सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर सैन्य आणून गावावर भीषण दडपशाही झाली. या संपूर्ण पट्ट्यात महाराजांची भजने घुमत होती. इंग्रज सरकारच्या नजरेत ती भजने म्हणजे चिथावणी ठरली.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली. आधी नागपूर आणि नंतर रायपूर कारागृहात ठेवून २ डिसेंबरला त्यांची सुटका करण्यात आली. हातात शस्त्र नाही, कोणत्याही पक्षाचे पद नाही. तरीही एका खंजिरीवाल्याला तीन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवावेसे सरकारला वाटले, यावरून त्या गाण्यांच्या परिणामाचा अंदाज येतो.

स्वातंत्र्यानंतर गाणी बदलली का?

देव तोच राहिला, पण गाण्याचा पत्ता बदलला. तुरुंगातून सुटल्यानंतर आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतर महाराजांचे लक्ष गावाच्या रोजच्या जगण्याकडे वळले. अस्वच्छता, व्यसन, कर्ज काढून केलेली लग्ने, अस्पृश्यता, बुवाबाजी, स्त्रियांची स्थिती हे भजनाचे विषय झाले.

'मनी नाही भाव' हे त्यांचे भजन याचे उत्तम उदाहरण. मनात भक्ती नसताना देवाकडे मागणी करणाऱ्यांची त्यात थेट खिल्ली आहे. गंमत म्हणजे ज्या देवळांतल्या कर्मकांडावर ते बोट ठेवते, त्याच देवळांत ते आवडीने म्हटले जाते. 'या झोपडीत माझ्या' ही त्यांची कविताही तितकीच लोकप्रिय. साध्या घरातले समाधान सांगणारी ही रचना अनेकांना शाळेपासून पाठ आहे.

या टप्प्याचा कळस म्हणजे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ग्रामगीता'. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. ज्ञानेश्वरीपासून मराठी माणसाच्या कानात बसलेला ओवी हा छंद त्यांनी घेतला आणि त्यात गावाची सफाई, आरोग्य, शिक्षण, श्रमदान, शेती, ग्रामरक्षण असे विषय मांडले. एखाद्या शासकीय पुस्तिकेत शोभावेत असे विषय, पण मांडणी पारायणात म्हणता येईल अशी. हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला, आणि ती देवता म्हणजे गावातली माणसेच.

मराठी संताची एवढी हिंदी भजने कशी?

याचे उत्तर जुन्या नकाशात सापडते. महाराजांच्या आयुष्याचा मोठा काळ विदर्भ हा 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या प्रांताचा भाग होता. राजधानी नागपूर, आणि प्रांतात मराठी व हिंदी दोन्ही भाषा. सालबर्डी ओलांडली की बैतूल, रामटेकच्या पलीकडे शिवनी. श्रोते दोन्ही भाषांचे होते, म्हणून गाणीही दोन्ही भाषांत आली. 'हर देश में तू' ही सर्व धर्मांतला एकच ईश्वर सांगणारी हिंदी प्रार्थना तर शाळाशाळांत पोहोचली.

हिंदीमुळे विदर्भाबाहेरचा रस्ताही खुला झाला. डॉ. राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती असताना महाराजांनी राष्ट्रपती भवनात खंजिरी वाजवून भजन गायले आणि त्यांच्याकडूनच 'राष्ट्रसंत' हे बिरुद मिळाले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेला ते खंजिरी घेऊनच गेले. १९६२ च्या चीन युद्धाच्या आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांसमोर भजने म्हटली.

वाशिम जिल्ह्याशी नाते काय?

महाराजांच्या हयातीत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. पण वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हा सारा परिसर वऱ्हाडाचाच. अमरावती जिल्ह्याची सीमा कारंजा तालुक्याला लागूनच आहे. त्यामुळे गुरुदेव सेवा मंडळाचे वारे इथे पोहोचायला वेळ लागला नाही.

सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात आजही गुरुदेवभक्त भगवी टोपी घालून संध्याकाळी प्रार्थनेला बसतात. पुण्यतिथी आणि ग्रामजयंतीला पहाटेची रामधून, गावाची झाडलोट, खंजिरी भजन असा कार्यक्रम ठरलेला असतो. ग्रामसभेत किंवा स्वच्छतेच्या मोहिमेत ग्रामगीतेतली ओवी म्हणून भाषण सुरू करणारे कार्यकर्तेही भेटतात. भजन मंडळात सगळ्यात पुढे बसणारा कदाचित निवृत्त शिक्षक असेल, शेजारी शेतमजूर असेल. महाराजांना अपेक्षित असलेली रांग हीच.

अखेरचे दिवस आणि पुढे काय राहिले?

शेवटच्या काळात महाराजांना कर्करोगाने ग्रासले. वयाच्या ५९ व्या वर्षी गुरुकुंजातच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधीही तिथेच आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. प्राथमिक शाळाही पूर्ण न केलेल्या माणसाचे नाव आज लाखो पदवीधरांच्या गुणपत्रिकेवर आहे.

आता ही गाणी मोबाईलवर मिळतात, मग अडचण काय?

अडचण मिळण्याची नाही, टिकण्याची आहे. भजनावलीतले गाणे मिळाले की ते म्हणावे लागत असे. फोनमधले गाणे नुसते ऐकले तरी चालते. प्रार्थनेला बसणाऱ्यांमध्ये तरुण कमी झाले, तर चाल शिकवणारा आणि उचलणारा यांच्यातला दुवा तुटतो. रेकॉर्डिंग राहील, पण समोरच्याने ओळ उचलण्याची सवय राहणार नाही. आणि ही गाणी तर त्या सवयीसाठीच लिहिली गेली.

दुसरी बाब अगदी छोटी वाटेल अशी. संतपरंपरेत कवीची सही शेवटच्या कडव्यात असते. तुकडोजी महाराजांच्या भजनातही 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' हे नाव शेवटीच येते. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत धृपद आणि पहिले कडवे बसते, शेवटचे गळते. त्यासोबत नावही गळते आणि ऐकणाऱ्याला गाणे कुणाचे हे कळत नाही. गावातल्या प्रार्थनेत मात्र भजन मध्येच सोडायची पद्धत नाही. तिथे ते शेवटच्या कडव्यापर्यंत, तुकड्यादासाच्या नावापर्यंत म्हटले जाते, आणि मगच खंजिरी खाली ठेवली जाते.