नकोशा संख्येचा जनक

क्वांटम भौतिकीच्या मुख्य समीकरणात उणे एकचे वर्गमूळ, म्हणजेच 'आय' ही काल्पनिक संख्या ठाण मांडून बसली आहे. हे समीकरण मांडणाऱ्या एर्विन श्रोडिंगर यांना मात्र ती तेथे नको होती.

१२ ऑगस्ट १८८७ रोजी व्हिएन्ना येथे जन्मलेल्या श्रोडिंगर यांनी पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. १९२१ मध्ये ते झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉनच्या कक्षांविषयी लिहिताना काल्पनिक संख्येची शक्यता त्यांनी ओझरती नोंदवली. पण तो धागा पुढे नेला नाही.

१९२५ च्या नाताळात आरोसा या स्विस गावी मुक्कामी असताना ते तरंग-समीकरणाच्या शोधात गढले होते. १९२६ च्या पहिल्या निबंधात हायड्रोजन अणूच्या ऊर्जापातळ्यांचे गणित वास्तव संख्यांनीच सुटले. काळानुसार बदलणाऱ्या बलांपुढे मात्र ही मांडणी अपुरी पडू लागली. जूनमध्ये ज्येष्ठ शास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी संमिश्र संख्यांविषयी नापसंती कळवली. तरंगफल मुळात वास्तवच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच महिन्यातील चौथ्या निबंधात मात्र त्यांना 'आय' स्वीकारावा लागला.

त्याची गरज काय? संमिश्र संख्या घड्याळाच्या काट्यासारखी असते. तिला लांबी असते आणि दिशाही. ही दिशा म्हणजे 'फेज' अथवा कला. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्येच दाखविल्याप्रमाणे कण कोठे सापडेल याची संभाव्यता लांबीच्या वर्गावरून मिळते. सगळे काटे एकदम सारखेच फिरवले, तर काहीच बदलत नाही. परंतु दोन मार्गांनी आलेले तरंग एकत्र येतात, तेव्हा काट्यांमधील कोन निर्णायक ठरतो. दिशा एक असेल तर ते परस्परांना बळ देतात, विरुद्ध असेल तर परस्परांना पुसून टाकतात. इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांत दिसणारे पट्टे यातूनच उमटतात.

बॉर्न यांचा संभाव्यतेचा अर्थ श्रोडिंगर यांना कधीच पूर्णपणे पटला नाही. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांनी बर्लिन सोडले. त्याच वर्षी त्यांना डिरॅक यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला. पुढे डब्लिनमध्ये दीर्घकाळ राहून १९५६ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. ४ जानेवारी १९६१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आल्पबाख या गावी त्यांची कबर आहे. तेथील लोखंडी क्रूसावर त्यांचे समीकरण झळकते. त्याची सुरुवात 'आय'नेच होते.