घोड्याची चौसष्ट घरे आणि नीलकंठ भट्ट

बुद्धिबळाच्या पटावर एकट्या घोड्याला अडीच घरांच्या चालीने फिरवायचे, चौसष्टही घरांना त्याचा पाय लागला पाहिजे आणि एकही घर दुसऱ्यांदा येता कामा नये, असा एक फार जुना खेळ आहे. त्याला ना निराळा पट लागतो, ना निराळ्या सोंगट्या. प्रतिस्पर्धीही लागत नाही. या खेळाचे एक अत्यंत देखणे उत्तर सतराव्या शतकात संस्कृत श्लोकांतून ग्रंथात आले, आणि तो ग्रंथकार होता मूळच्या पैठणच्या घराण्यातील एक धर्मशास्त्री. नीलकंठ भट्ट हे त्यांचे नाव. न्यायालयांनी हे नाव दीर्घकाळ जपले. पटावर मात्र ते फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

नीलकंठांचे पणजोबा रामेश्वर भट्ट हे पैठणचे विश्वामित्रगोत्री देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी काशीच्या विद्वत्समाजात अग्रपूजेचा मान मिळवला. विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. रामकृष्ण आणि शंकर हे नारायण भट्टांचे पुत्र. रामकृष्णांचे पुत्र कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. सणवार आणि व्रतांच्या तिथी ठरवताना त्याचा आधार महाराष्ट्रात आजही घेतला जातो. रामकृष्णांचे दुसरे पुत्र दिनकर. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे या दिनकरांचे चिरंजीव. मीमांसाशास्त्रात अधिकारी मानले गेलेले शंकर भट्ट हे नीलकंठांचे वडील. म्हणजे नात्याने नीलकंठ हे गागाभट्टांचे चुलतकाका होत.

अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला विद्या आपसूक येते, तशी तुलनाही येते. नीलकंठांनी स्वतःची वाट शोधली ती यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळ भरेह येथे राज्य करणाऱ्या सेंगरवंशीय भगवंतदेव या राजाच्या आश्रयाने. आश्रयदात्याचे नाव गुंफून त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा विशाल ग्रंथ रचला. भास्कर म्हणजे सूर्य. म्हणून त्याच्या बारा भागांना त्यांनी मयूख, म्हणजे किरण, असे नाव दिले. संस्कार, आचार, श्राद्ध, दान, प्रायश्चित्त, शांती अशा विषयांचा हा जणू ज्ञानकोशच होय. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी नीलकंठांचा लेखनकाळ साधारणपणे १६१० ते १६४५ असा ठरवला आहे.

यातील पाचवा ‘नीतिमयूख’ राजनीतीचा. राजाची कर्तव्ये आणि राज्यकारभार सांगणाऱ्या या भागात बुद्धिबळाचे प्रकरण आहे. एका धर्मशास्त्र्याने खेळाला ग्रंथात जागा द्यावी, हे वरकरणी नवल वाटेल. द्यूत हा धर्मशास्त्राने विवादाचा विषय मानलेला. परंतु द्यूतात फासा बोलतो, तर बुद्धिबळात बुद्धी. शिवाय हत्ती, घोडे आणि पायदळ यांची ही लुटुपुटूची लढाई राजनीतीच्या ग्रंथात शोभून दिसणारीच होती.

याच प्रकरणात घोड्याच्या भ्रमणाचे श्लोक येतात. हे कोडे त्यांच्याही आधीचे होते. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त अर्ध्या पटावरची घोड्याची चाल काव्यात बांधली होती. त्याच शतकात बगदादच्या अल्-अदलीने संपूर्ण पटावरचे भ्रमण साधले होते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’तही हा विषय आला. नीलकंठांच्या ग्रंथातील भ्रमणाचे वैशिष्ट्य निराळे आहे. त्यात चौसष्टाव्या घरावरून घोडा पुढच्या उडीत पुन्हा पहिल्या घरावर येतो, म्हणजे मार्ग वर्तुळासारखा पूर्ण होतो. त्यामुळे प्रारंभ कोणत्याही घरापासून केला तरी चालतो. ग्रंथात अशी तीन भ्रमणे दिसतात. प्रत्यक्षात तो एकच मार्ग असून फक्त आरंभाची घरे वेगवेगळी आहेत.

याहून मोठी गोष्ट त्यातील समतोलाची. पट अर्धा वळसा देऊन उलटा फिरवला, तरी मार्गाची आकृती तीच राहते. घरांना क्रमाने एक ते चौसष्ट आकडे दिले, तर पटाच्या मध्यबिंदूतून समोरासमोर येणाऱ्या कोणत्याही दोन घरांच्या आकड्यांत बरोबर ३२ चे अंतर पडते. घोड्याने बत्तीस उड्या मारल्या, की पुढच्या बत्तीस उड्या त्याच वाटेचे प्रतिबिंब असतात. आठ बाय आठच्या पटावर मार्ग पूर्ण करून यापेक्षा अधिक समतोल साधताच येत नाही, हे गणिताने सिद्ध होते. युरोपात थोर गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला तो १७५९ मध्ये. म्हणजे नीलकंठांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. अशा पूर्ण होणाऱ्या मार्गांची संख्या १३ लाख २६ हजार कोटींहून अधिक आहे, हे संगणकाच्या साह्याने निश्चित झाले ते १९९७ मध्ये. त्या अफाट गर्दीतून नेमका समतोल मार्ग हाती लागणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि नीलकंठांची कीर्ती टिकली ती सहाव्या, ‘व्यवहारमयूखा’मुळे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदूंच्या वारसाहक्काचा निवाडा प्रामुख्याने या ग्रंथावरून होई. उर्वरित महाराष्ट्रात ‘मिताक्षरे’नंतर त्याचा मान असे. बोराडेल यांनी १८२७ मध्ये आणि रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये त्याची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. बहीण ही भावाच्याच गोत्रात जन्मलेली असते, म्हणून ती गोत्रज होय, असा युक्तिवाद करून नीलकंठांनी तिला आजीच्या पाठोपाठ वारसाचे स्थान दिले. मिताक्षरा मानणाऱ्या इतर प्रांतांत बहिणीला जवळच्या वारसांत घेण्यासाठी १९२९ चा कायदा व्हावा लागला. मुंबई इलाख्यातील बहिणींना तो हक्क त्याआधीच मिळत होता. मात्र आईच्या आधी वडिलांचा हक्क मानणारेही नीलकंठच होते, हेही नोंदवले पाहिजे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर या निवाड्यांचे महत्त्व इतिहासापुरते उरले.

त्यांच्या बुद्धिबळ प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनी, १८७० च्या दशकात. १९१३ मध्ये एच. जे. आर. मरे यांच्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासातही त्याची दखल घेतली गेली. मराठी घराण्यातील या पंडिताचे हे कर्तृत्व अशा रीतीने जगापुढे आले ते बर्लिन आणि इंग्लंडमार्गे.

वारसाहक्काचे कायदे बदलले, भरेहचे राज्यही इतिहासजमा झाले. घोड्याची चाल तेवढी बदललेली नाही. पुण्या-मुंबईतील दिवाणखान्यात असो, की बुलढाणा जिल्ह्यात लोणारजवळच्या सुलतानपूरसारख्या गावातील ओटीवर, साधा पट, एक घोडा आणि आकडे टाकायला कागद एवढ्यावर हा खेळ आजही मांडता येतो. समोरासमोरच्या घरांत ३२ चे अंतर जुळले, की आपण नीलकंठांच्या समतोलाला पोहोचलो असे खुशाल समजावे.