नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक, अर्थात रेव्हरंड टिळक (६ डिसेंबर १८६१ - ९ मे १९१९), हे मराठी कवी, कीर्तनकार व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठी ख्रिस्ती उपासनेतील अनेक स्तुतिगीते व उपकारस्तुतीची पदे त्यांनी रचली.

जीवन

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईच्या मृत्यूनंतर ते नाशिकला आले व गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई या त्यांच्या पत्नी होत. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

उपासनागीते

त्या काळी मराठी मंडळ्यांच्या उपासनेवर पाश्चात्त्य चालींचा व भाषांतरित गीतांचा मोठा प्रभाव होता. ईश्वराचे आभार अंतःकरणापासून मानावयाचे तर ते मायबोलीतच मानले पाहिजेत, अशी टिळकांची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजवले. तुकारामांच्या अभंगवाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले, असे ते मानत. त्यांची अनेक पदे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात समाविष्ट असून चर्चमध्ये आजही गायिली जातात.

अखेरचा काळ

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.