राणीनं नाकारलेला हार

कुणाच्या गळ्यात किती तोळे आहेत याचा अंदाज बांधण्यात आपल्या लग्नमांडवातल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. तन्मणी खरा की खोटा, चपलाहार माहेरचा की सासरचा, सराफाचे हप्ते फिटले की अजून चालू आहेत, इथपर्यंत निदान होतं. त्यापायी फार तर एखाद्या सुनेचे चार दिवस वाईट जातात. फ्रान्सच्या एका राणीचं मात्र अशा निदानापायी नाव पुरतं गेलं. ते गेल्यावर राज्यही गेलं आणि शेवटी जीवही. आणि ज्या हारावरून हे सारं रामायण घडलं, तो हार तिनं कधी घातला नव्हता. विकतही घेतला नव्हता. समोर आणला तेव्हा परत पाठवला होता, एकदा नाही, दोनदा.

ती राणी म्हणजे मारी आंत्वानेत. भाकरी मिळत नसेल तर लोकांनी केक खावा असं ती म्हणाली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ती असं म्हणाल्याचा काही पुरावा नाही. रूसोनं आपल्या आत्मचरित्रात कुणा राजकन्येच्या नावावर तसले उद्गार लिहून ठेवले, तेव्हा ही पोर दहा-अकरा वर्षांची होती आणि व्हिएन्नात आईच्या राजवाड्यात बागडत होती. तिच्याविषयीची मतं आधीच शिवून तयार होती आणि पुढे ती तिच्या अंगावर चढवली गेली, असं तिचं चरित्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं. पण तिनं त्या शिवणाऱ्यांना कापड पुरवलं नाही, असंही म्हणता येत नाही.

तिचा जन्म २ नोव्हेंबर १७५५चा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा हिची सोळा मुलं, त्यातली ही पंधरावी. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स ही पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी घराणी. नवी मैत्री पक्की व्हावी म्हणून चौदा वर्षांची ही मुलगी १७७० साली फ्रान्सच्या पंधरा वर्षांच्या युवराजाला देण्यात आली. सरहद्द ओलांडून ती स्ट्रासबुर्ग शहरात आली तेव्हा तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात तिचं स्वागत करायला एक देखणा, उमदा धर्माधिकारी उभा होता. त्याचं नाव लुई द रोआं. हे नाव लक्षात असू द्या.

१७७४च्या मे महिन्यात म्हातारा पंधरावा लुई देवीनं गेला आणि ही अठराव्या वर्षी राणी झाली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पहिली मुलगी झाली ती १७७८च्या डिसेंबरात, म्हणजे लग्नानंतर साडेआठ वर्षांनी. मधल्या काळात दरबारातल्या बायका काय कुजबुजत असतील ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नवरा सोळावा लुई स्वभावानं भला, पण शिकार आणि कुलपं बनवणं यांत रमणारा. ही पत्ते खेळे, डोक्यावर दीड-दोन फूट केसांचे मनोरे आणि त्यावर पिसं चढवी, आणि हिरे घेई. १७७६ साली तिनं हिऱ्यांची भलीमोठी कर्णभूषणं घेतली आणि त्याच वर्षी हिऱ्यांची कंकणंही. कंकणांची किंमत अडीच लाख लिव्र. काही जुनी रत्नं मोडीत दिली, उरलेल्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरला. त्या काळी पॅरिसमधल्या मजुराला दिवसाला एक-दीड लिव्र मिळे. ऑस्ट्रियाचा वकील मर्सी सगळी बित्तंबातमी व्हिएन्नाला कळवत होता आणि तिकडून आईची खरमरीत पत्रं येत होती. राणीनं अशानं स्वतःला हलकं करून घेतलं, असं त्या माऊलीचं म्हणणं होतं. आईचं बरोबर होतं, असं मला वाटतं. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला या १७७६च्या खरेदीत दिसतं. एकदा हौशी म्हणून नाव झालं की मग तुम्ही काय नाकारलंत याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता त्या हाराकडे वळू. बोमर आणि बासांज हे पॅरिसचे दोघे भागीदार सराफ. पंधराव्या लुईची लाडकी मादाम द्यु बारी हिच्यासाठी म्हणून त्यांनी युरोपभरचे हिरे गोळा करायला घेतले होते. लहानमोठे मिळून ६४७ हिरे, वजन सुमारे २८०० कॅरेट. गळ्यालगत चिंचपेटीसारखी सतरा टपोऱ्या हिऱ्यांची एक ओळ. तिच्याखाली झुलत्या माळा आणि लोलक. मग छातीवरून उतरणारे दुपदरी हिऱ्यांचे दोर, आणि टोकांना हिऱ्यांचेच गोंडे. मागच्या बाजूलाही तसलेच गोंडे सोडलेले. या घडणीला फ्रेंचमध्ये नावच मुळी गुलामाच्या साखळदंडावरून पडलेलं होतं. त्याची चित्रं पाहिली तर हा दागिना आहे की बैलपोळ्याचा साज असा प्रश्न पडावा. माझी ही आवड-निवड बाजूला ठेवू, पण सुंदर म्हणावा असा तो नव्हता, प्रचंड होता. आणि तो पुरा व्हायच्या आत गिऱ्हाईकच गेलं. राजा मेला आणि द्यु बारीला दरबारातून हाकलण्यात आलं. सराफांच्या डोक्यावर कर्ज आणि हातात सोळा लाख लिव्रचा हार. मजुराच्या हिशेबानं तीन हजार वर्षांची कमाई.

१७७८च्या सुमारास तो नव्या राणीला दाखवला गेला. तिनं नको म्हटलं. तेव्हा फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूनं इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरत होता. याच वैरापायी १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याला नाना फडणविसांच्या भेटीला येऊन गेला होता. त्यामुळे हारापेक्षा लढाऊ जहाजाची गरज जास्त आहे, असं राणी म्हणाल्याचं सांगतात. १७८१ साली युवराज जन्मला, त्यानंतर सराफांनी पुन्हा गळ घातली. पुन्हा नकार. बोमर तिच्या पायांशी लोळण घेऊन रडला, नदीत जीव देतो म्हणाला. तिनं त्याला उठवलं, आणि हार मोडून हिरे सुटे विकावेत असा सल्ला दिला. तिची खास परिचारिका मादाम काम्पां हिनं आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे. व्यवहारी बाई बोलावी तसं ती बोलली. बोमरनं ऐकलं असतं तर आज हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

गंमत अशी की, आई झाल्यावर ही राणी खरोखरच साधेपणाकडे वळली होती. १७८३ साली व्हिजे ल ब्रं या चित्रकर्तीनं तिचं चित्र काढलं. अंगात पांढरा मलमलीचा झगा, डोक्यावर गवती टोपी, हातात गुलाब आणि गळा मोकळा. लोकांना ते आवडलं का? छे! राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणून ओरड झाली, फ्रान्सचं रेशीम सोडून परदेशी मलमल नेसते म्हणूनही झाली. प्रदर्शनातून ते चित्र काढून घ्यावं लागलं. हिरे घातले तर उधळी, नाही घातले तर निर्लज्ज!

आणि हाच पांढरा झगा तिच्या मुळावर आला. झान द ला मोत नावाची एक बाई होती. अंगात जुन्या राजवंशाचं अनौरस रक्त, खिशात दमडी नाही, आणि जिभेवर साखर. स्ट्रासबुर्गला राणीचं स्वागत करणारा तो रोआं आता कार्डिनल होता, राजदरबारचा मुख्य धर्माधिकारी होता, पण राणी त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. व्हिएन्नात फ्रान्सचा वकील असताना त्यानं तिच्या आईला नाराज केलं होतं. राणीची मर्जी परत मिळवायची या एका ध्यासानं तो पछाडला होता. राणी माझी जिवलग मैत्रीण आहे, असं झाननं त्याला पटवलं. राणीच्या नावची खोटी पत्रं सुरू झाली. ११ ऑगस्ट १७८४च्या रात्री व्हर्सायच्या बागेत, काळोखात, पांढऱ्या मलमलीच्या झग्यातल्या एका बाईनं कार्डिनलच्या हातात गुलाब दिला आणि ती झाडीत दिसेनाशी झाली. ती पॅरिसच्या रस्त्यावरून गाठलेली, राणीसारखी दिसणारी एक पोरगी होती. कार्डिनल विरघळला.

पुढचं सोपं होतं. राणीला हार गुपचूप हप्त्यांनी घ्यायचा आहे, मध्यस्थ तुम्ही व्हा, असा निरोप आला. करारावर राणीची सही होती: मारी आंत्वानेत द फ्रान्स. राण्या फक्त नाव लिहितात, पुढे काही लावत नाहीत. दरबारात जन्म काढलेल्या माणसाला हे कळू नये! १ फेब्रुवारी १७८५ला हार रोआंच्या हाती आला, तिथून राणीचा नोकर म्हणून आलेल्या माणसाच्या हाती गेला, आणि झानच्या घरी सुरीनं उचकटला गेला. तिच्या नवऱ्यानं बरेचसे हिरे लंडनला नेऊन तिथल्या जवाहिऱ्यांना विकले.

पहिला हप्ता ऑगस्टात होता. जुलैत बोमरनं राणीला अतिनम्र, गुळमुळीत आभारपत्र दिलं. तिला त्याचा अर्थ लागेना. तिनं तो कागद मेणबत्तीवर जाळून टाकला. एक प्रश्न विचारला असता तर! पण या वेड्या सराफाची तिला शिसारी बसली होती.

सगळं बाहेर आलं तेव्हा तिचा संताप अनावर झाला, आणि त्या संतापात राजाराणीनं घरचं भांडण चावडीवर नेलं. १५ ऑगस्ट १७८५, मेरीमातेचा सण. पूजेच्या झग्यात उभ्या असलेल्या कार्डिनलला भर दरबाराच्या देखत व्हर्सायमध्ये अटक झाली. खटला पॅरिसच्या पार्लमां या न्यायसभेपुढे गेला. या न्यायाधीशांचं आणि राजाचं वर्षानुवर्षं वाकडं. रोआंचे बडे नातेवाईक सुतकी काळ्या कपड्यांत न्यायसभेच्या वाटेवर ओळीनं उभे राहिले. ३१ मे १७८६ला निकाल लागला. झानला फटके, खांद्यावर चोरीचा डाग आणि जन्मठेप. रोआं २६ विरुद्ध २२ मतांनी निर्दोष. बाहेर जयजयकार झाला.

या निकालात राणीवर एक अक्षरही नव्हतं. पण सरकारी वकिलांचं म्हणणं असं होतं की, राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल असं मनात आणणं हाच गुन्हा आहे, त्याची रोआंनं माफी मागावी. न्यायसभेनं ते मानलं नाही. म्हणजे असं मानणं साहजिक होतं, या राणीच्या बाबतीत कुणाही शहाण्या माणसाला तसंच वाटलं असतं, असंच अप्रत्यक्षपणे ठरलं. राणी आपल्या दालनात रडत बसली होती. तेव्हा तिला आठवा-नववा महिना चालू होता. जुलैत झालेली ती मुलगी वर्षही पुरं व्हायच्या आत गेली.

झान तुरुंगातून पळून लंडनला पोचली आणि राणीविरुद्ध आठवणी लिहून छापू लागली. लोकांनी त्या चवीनं वाचल्या. १७८७ साली तिजोरीतली तूट जाहीर झाली आणि राणीला तुटीची बाई हे टोपणनाव मिळालं. खरं पाहता अमेरिकेच्या युद्धावर फ्रान्सनं शंभर कोटी लिव्रच्या वर खर्च केला होता. १७८८च्या हिशेबात निम्मी रक्कम कर्जाच्या फेडीत जात होती आणि सगळ्या राजदरबाराचा खर्च शंभरातले सहा-सात. पण कर्जाचं व्याज कुणाच्या गळ्यात दिसत नाही. हार दिसतो, नसला तरी.

त्याच वर्षी व्हिजे ल ब्रंनं तिचं आणखी एक चित्र काढलं. तिन्ही मुलं जवळ, पाळणा रिकामा, मागे अंधारात दागिन्यांचं कपाट. लाल मखमली पोशाखातल्या राणीच्या गळ्यात काहीही नाही. माझी मुलं हेच माझे अलंकार, हे लोकांनी ओळखावं अशी योजना होती. चित्र प्रदर्शनात लावायला उशीर झाला, तर रिकाम्या चौकटीवर कुणीतरी तुटीवरून टोमणा चिकटवून गेलं.

क्रांती झाल्यावर राजकुटुंब पॅरिसच्या त्विलेरी वाड्यात नजरकैदेत आलं. १७९१च्या मार्चमध्ये दारं लावून राणी आणि काम्पां दोघी तिचे खासगी दागिने कापसात गुंडाळत बसल्या. पेटी ब्रसेल्सला मर्सीकडे रवाना झाली. दागिने सुटले, ती सुटली नाही. १७९३च्या ऑक्टोबरात तिच्यावर खटला चालला, तेव्हाही झान द ला मोतशी ओळख कशी, हे तिला विचारलं गेलंच. आपण त्या बाईला कधी पाहिलेलं नाही, असं तिनं सांगितलं. ते खरं होतं. आईनं दिलेलं छोटं सोन्याचं घड्याळ तुरुंगात आधीच काढून घेतलं होतं. १६ ऑक्टोबरला साधा पांढरा झगा घालून ती वधस्तंभाकडे गेली. वय सदतीस.

ज्या द्यु बारीसाठी तो हार घडवला, तिचे स्वतःचे हिरे १७९१ साली चोरीला गेले आणि लंडनला सापडले. ते सोडवायला ती इंग्लंडच्या वाऱ्या करत राहिली. या वाऱ्या म्हणजे शत्रूशी संधान, असं ठरलं. ८ डिसेंबर १७९३ला तिचंही डोकं गिलोटिनखाली गेलं.

ब्रसेल्सची पेटी राणीच्या एकुलत्या एक वाचलेल्या लेकीला व्हिएन्नात मिळाली. त्यातलं एक मोत्याचं लोलक २०१८ साली जिनिव्हात लिलावाला आलं. अंदाज होता दहा-वीस लाख डॉलरचा, गेलं तीन कोटी साठ लाखांना. २०२४ साली तिथंच सुमारे पाचशे हिऱ्यांचा एक जुना हार विकला गेला. त्यातले काही हिरे बोमरच्या हारातले असावेत, एवढ्या नुसत्या शक्यतेवर अठ्ठेचाळीस लाख डॉलर आले. आणि १७७६ची ती कंकणं, जी तिनं खरोखर हौसेनं घेतली आणि जिच्यावरून आईची बोलणी खाल्ली, ती तीन पदरी, ११२ हिऱ्यांची जोडी नोव्हेंबर २०२१मध्ये ब्याऐंशी लाख डॉलरच्या आसपास गेली. घेणाऱ्यानं बोली टेलिफोनवरून लावली आणि नाव जाहीर केलं नाही.