सलीम अली

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. ग्रंथकार व निसर्गसंरक्षक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या कार्याचा पाया पक्ष्यांची कातडी सोलून टिकवण्याच्या कसबावर उभा राहिला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. तिची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना कपाटांतील पक्षिसंग्रह दाखवला आणि कातडी सोलण्याचे शिक्षण मिळण्याची सोय केली.

हे काम शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातील हरणाच्या मस्तकाहून निराळे असते. मस्तकासाठी ओठ, कान व पापण्यांची त्वचा आतून मोकळी करून मीठ चोळतात, कातडे कमावून साच्यावर चढवतात आणि काचेचे डोळे बसवतात. तेथे जिवंतपणाचा भास महत्त्वाचा. अभ्यासाच्या नमुन्यात छातीपासून खाली छेद घेऊन धड व मेंदू काढतात, आतून (पूर्वी) सोमलयुक्त साबण लावत, कापूस भरून टाके घालतात आणि पंख मिटून पक्षी उताणा ठेवतात. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक व लिंग नोंदवतात. नर-मादी सारखे दिसणाऱ्या जातींत लिंग शरीर उघडल्यावरच निश्चित होते. पोटातील अन्नही तेव्हाच कळते. चिठ्ठीवाचून कातडे शास्त्राला जवळजवळ निरुपयोगी.

ब्रह्मदेशातील व्यवसायात अपयश आल्यावर १९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर ते पदच रद्द झाले होते. बेकारीच्या या काळात त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : छावणीचा खर्च संस्थानाने करावा, वेतन नको. हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण (१९३१-३२) असेच झाले. औरंगाबाद जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. तेथील कातड्यांचे वर्गीकरण ह्यू व्हिस्लर यांनी तपासले आणि अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९३९ मध्ये पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ मध्ये निघाले; डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात. स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक अडचणीत असताना त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे मदत मागितली. भरतपूरचे पाणथळ व सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचवण्यासाठी झटताना अभ्यासासाठी पक्षी मारण्याचे समर्थन मात्र त्यांनी सोडले नाही. पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) या किताबांनी त्यांचा गौरव झाला.

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या तलावाला आता सलीम अली सरोवर म्हणतात.