जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (२९ जानेवारी १८०३ – ११ मार्च १८६३) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील सेनाधिकारी व प्रशासक होता. १८२५ ते १८३५ या काळात त्याने खानदेशात (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे आणि नाशिक जिल्ह्याचा काही भाग) भिल्लांच्या उठावांनंतरची व्यवस्था लावण्याचे काम केले. भिल्लांमधूनच उभारलेल्या भिल्ल कोअर या पलटणीचा तो पहिला प्रमुख होता. पुढे सिंध, बडोदे, अवध व इराण येथील राजकारणात आणि १८५७ च्या उठावातील लखनौच्या लढ्यात त्याने महत्त्वाची भूमिका बजावली. चाळीसगाव व कन्नड यांच्यामधील घाट आजही औट्रम घाट या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीचे जीवन

औट्रमचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली हॉल येथे झाला. त्याचे वडील बेंजामिन औट्रम हे कालवे व रूळमार्ग बांधणारे नामांकित अभियंता होते. जेम्स दोन वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले व कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. आई मार्गारेट मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीन परिसरात राहू लागली. तेथेच त्याचे शिक्षण झाले. १८१९ मध्ये कंपनीच्या सेवेत कॅडेट म्हणून निवड होऊन तो मुंबईस आला.

खानदेशातील परिस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश उद्ध्वस्त झाला होता. १८०२ मधील होळकरांच्या सैन्याची लूट, त्यापाठोपाठचा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळे असंख्य गावे ओसाड पडली. मराठा अंमलात भिल्ल नाईकांकडे घाटवाटांची व गावांची राखण असे आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. ही घडी विस्कटल्यावर सातपुडा, सह्याद्री व सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांच्या टोळ्या मैदानी गावांवर धाडी घालू लागल्या. उत्तर पेशवाईत त्यांच्यावर कठोर उपाय योजले गेले. तहाच्या मिषाने बोलावून भिल्लांची कत्तल केल्याच्या घटनाही घडल्या. त्यामुळे सरकारच्या कोणत्याही बोलावण्याविषयी त्यांच्या मनात खोल अविश्वास निर्माण झाला होता.

याच काळात खानदेशातील किल्ल्यांवर व गढ्यांवर अरब शिबंदीचे प्राबल्य होते. हे अरब सैनिक जहागीरदारांच्या नोकरीत असत, सावकारी करीत आणि वसुलीसाठी गावेही ताब्यात ठेवीत. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख कंपनीकडे आला. मात्र थाळनेर व मालेगाव येथे अरबांच्या प्रतिकाराला तोंड द्यावे लागले. मालेगावचा किल्ला जून १८१८ मध्ये पडला. त्यानंतर अरबांना या प्रदेशातून बाहेर काढण्यात आले. धुळे येथे जिल्ह्याचे ठाणे करून कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभाराची घडी बसवण्यास सुरुवात केली. अरबांचा प्रश्न असा संपला, तरी भिल्लांचा प्रश्न तसाच राहिला. ब्रिग्जने काही नाईकांना तनखे देऊन वाटा राखण्याचे काम सोपवले, तर न नमणाऱ्यांवर फौजा पाठवल्या. तापाचे डोंगर व अवघड जंगल यांमुळे या फौजांची मोठी हानी झाली आणि उठाव सुरूच राहिले.

भिल्ल कोअरची स्थापना

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. त्यानुसार खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि भिल्लांची स्वतंत्र पलटण उभारण्याचे ठरले. शेतीकडे वळणाऱ्यांना जमीन, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई द्यायची, नाईकांचे जुने हक्क तपासून मान्य करायचे, मागील गुन्हे माफ करायचे आणि ज्यांना शेती नको त्यांना सैन्यात घ्यायचे, असे या धोरणाचे स्वरूप होते. त्याच वर्षी बागलाणातील मुल्हेर किल्ल्यावर जमलेल्या बंडखोरांवर थोड्या शिपायांनिशी अचानक हल्ला करून औट्रमने नाव मिळवले होते. पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे आले तेव्हा तो केवळ बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. पलटणीचे ठाणे धरणगाव येथे होते.

पलटणीच्या नावाखाली आपल्याला एकत्र जमवून मारण्यात येईल, अशी भीती भिल्लांमध्ये पसरली होती. औट्रमने प्रथम पकडलेल्या काही भिल्लांनाच आपल्या दिमतीस ठेवले. तो त्यांच्या वस्त्यांवर शिबंदीशिवाय जाई, मुक्काम करी आणि त्यांच्यासह शिकारीला जाई. खानदेशातील वास्तव्यात त्याने व त्याच्या सोबत्यांनी एकशे नव्वदहून अधिक वाघ मारल्याची नोंद आहे. सुरुवातीला मोजक्याच असलेल्या शिपायांची संख्या वर्षभरात तीनशेच्या वर गेली व पुढे ती सुमारे सहाशेपर्यंत पोहोचली. कंपनीच्या इतर पलटणींत उच्चवर्णीय शिपायांचा भरणा असल्याने भिल्लांना तेथे बरोबरीची वागणूक मिळेल का, याविषयी शंका होती. पलटण मालेगावच्या छावणीत गेली असता औट्रमच्या जुन्या रेजिमेंटमधील शिपायांनी भिल्लांना पानसुपारी देऊन त्यांचे स्वागत केले. पलटणीचा आत्मविश्वास वाढण्यास हा प्रसंग कारणीभूत ठरला.

भिल्ल कोअरचा उपयोग मुख्यतः इतर भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी करण्यात आला. १८३० मध्ये औट्रमने डांगच्या राजांवर मोहीम काढून तो प्रदेश कंपनीच्या वर्चस्वाखाली आणला. १८३१ मध्ये यावल व सावदा भागातील दरोड्यांच्या तपासात त्याने शेकडो जणांना अटक केली. खानदेशातील धाडी कमी होऊन ओसाड गावे पुन्हा वसू लागली. त्याच वेळी डोंगरातील नाईकांची स्वायत्तता मात्र संपुष्टात आली.

नंतरची कारकीर्द

१८३५ मध्ये औट्रमची गुजरातमधील महीकांठा येथे नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याचा मार्गारेट अँडरसन हिच्याशी विवाह झाला. पहिल्या अफगाण युद्धात भाग घेतल्यानंतर तो सिंधमध्ये राजकीय प्रतिनिधी झाला. सर चार्ल्स नेपियर याने त्याला निष्कलंक फ्रेंच सरदार बेयार्ड याची उपमा दिली होती. तथापि, सिंधच्या अमिरांवर अन्याय होत असल्याच्या मुद्द्यावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले. फेब्रुवारी १८४३ मध्ये औट्रमने हैदराबाद (सिंध) येथील रेसिडेन्सीचे रक्षण केले. मात्र विजयानंतर वाट्यास आलेली लुटीची रक्कम स्वतःसाठी न ठेवता त्याने ती धर्मादाय कामांना दिली.

कोल्हापूर व सावंतवाडी भागातील गडकऱ्यांच्या उठावाच्या वेळी तो दक्षिण महाराष्ट्रात होता. १८४५ मध्ये तो साताऱ्याचा व १८४७ मध्ये बडोद्याचा रेसिडेंट झाला. बडोदे दरबार व मुंबई सरकार यांच्यातील लाचखोरीवर, म्हणजेच तत्कालीन भाषेत खटपटीवर, त्याने अहवाल दिल्याने त्याला पद सोडावे लागले. १८५४ मध्ये काही काळ तो अरबस्तानातील एडन येथे प्रमुख होता. त्यानंतर लखनौचा रेसिडेंट म्हणून त्याने अवधच्या कारभारावर प्रतिकूल अहवाल दिला आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये ते राज्य खालसा करण्याची अंमलबजावणी केली. सिंधच्या विलीनीकरणाबाबतच्या त्याच्या पूर्वीच्या भूमिकेशी हे विसंगत होते. १८५७ च्या आरंभी इराणविरुद्धच्या युद्धात त्याने खुशाब व मोहम्मरा येथे विजय मिळवले.

सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौला वेढ्यात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या सैन्यात ज्येष्ठ असूनही त्याने नेतृत्व हेन्री हॅवलॉक याच्याकडेच राहू दिले. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत त्याने आलमबागचे ठाणे राखले. लखनौ पडल्यावर गव्हर्नर-जनरल कॅनिंग याने अवधमधील बहुतेक सर्व जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. तालुकदारांना आधीच्या महसूल व्यवस्थेत अन्यायाने वागवले गेले होते आणि जमिनी गेल्यास ते शस्त्रे ठेवणार नाहीत, असे सांगून औट्रमने त्यास विरोध केला. परिणामी, तत्काळ शरण येणाऱ्यांना उदारतेने वागवण्याचे आश्वासन जाहीरनाम्यात समाविष्ट झाले. पुढे तो गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचा सदस्य झाला व त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. प्रकृती खालावल्याने १८६० मध्ये त्याने भारत सोडला. फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचे दफन करण्यात आले.

खानदेशातील वारसा

औट्रमच्या पद्धतीचे यश व मर्यादा १८५७–५८ मध्ये स्पष्ट झाल्या. सेंधव्याच्या घाटातील रस्त्याच्या राखणीसाठी सरकारी नोकरीत राहिलेल्या खाज्या नाईकाने उठाव केला. नोव्हेंबर १८५७ मध्ये भिल्लांनी मुंबई-आग्रा मार्गावर सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे मोठी लढाई झाली व तीत भिल्लांची मोठी प्राणहानी झाली. ब्रिटिशांच्या बाजूने भिल्ल कोअरचे शिपाईही मैदानात होते. औट्रमने उभारलेली पलटण सरकारशी निष्ठावान राहिली, परंतु ज्या कारणांनी भिल्ल शस्त्र उचलत होते ती संपली नव्हती.

ब्रिटिश लेखकांनी औट्रमचे चित्र भिल्लांना माणसांत आणणारा अधिकारी असे रंगवले. या मांडणीत भिल्लांकडे घाटवाटांचे पूर्वापार हक्क होते, ही बाब दुय्यम ठरते. विश्वास संपादन करणे, जुने हक्क मानणे व जमीन देणे हे त्याच्या धोरणाचे एक अंग होते. एका समाजातील तरुणांच्या हातून त्याच समाजावर नियंत्रण ठेवणे हे दुसरे अंग होते. कोलकाता येथील व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. खानदेशात मात्र त्याची आठवण मुख्यतः सातमाळ्याच्या घाटाच्या नावात उरली आहे.