राक्षसभुवनचा सिनॅरिओ

तुमच्यापैकी कितीजण 'एम्पायर : टोटल वॉर' मराठ्यांकडून खेळलेत? २००९ चा गेम आहे. दिल्ली घेतली की रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत एकट्यानंच हात वर करायचे, बरोबर? तो खेळून झाला की काहीजण आणखी खोलात शिरतात. 'आर्मा'सारखे गेम, जिथं एक गोळी लागली की विषय संपला. नाहीतर नकाशावरचे ते संथ वॉरगेम, ज्यात अर्धा तास नुसती रसद कुठून आणायची यातच जातो आणि रूममेटला वाटतं, हा पोरगा एक्सेल शीट भरतोय.

अशा बऱ्याच गेममध्ये सिनॅरिओ एडिटर असतो. लढाई आपली आपण बांधायची. नॉर्मंडी आणि स्टालिनग्राड जगभरच्या पोरांनी कितीदा बांधून झालंय. आज आपल्या जिल्ह्यातली एक बांधू या.

नकाशा : गोदावरीचा दक्षिण काठ, राक्षसभुवन, गेवराई तालुका. शनीच्या दर्शनाला तुम्ही तिथं गेला असाल. तारीख : १० ऑगस्ट १७६३. तुमचा खेळाडू : माधवराव बल्लाळ, पेशवा. वय साडेअठरा. म्हणजे आज असता तर फार तर सेकंड इयरला.

आता हा पोरगा इथवर कसा आला ते बघा. जन्म फेब्रुवारी १७४५, सावनूरचा. नानासाहेब पेशव्यांचा हा दुसरा मुलगा, त्यामुळं गादीवर बसायची तयारी थोरल्या विश्वासरावाची चाललेली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गेला, चुलते सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्यानं खचलेले नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले. जुलैत माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हा तो सोळा वर्षांचा. खजिना रिकामा, उत्तरेत पत गेलेली, आणि कारभार बघायला काका : रघुनाथराव. उत्तरेत अटकेपर्यंत मोहीम नेलेला मोठा लढवय्या. पुतण्या सही करील आणि राज्य आपण चालवू, असा त्याचा हिशेब होता. पुतण्या तसा निघाला नाही.

वर्षभरात भांडण पेटलं. काका पुण्यातून निघाला, फौज जमवली, निजामाचीही मदत घेतली. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीला आणि आळेगावला घरातल्या घरात लढाया झाल्या, आणि त्यात माधवराव हरला. पुढं त्यानं जे केलं त्याचं बटण तुमच्या-माझ्या गेममध्ये कुणी दाबत नाही. पळून जाऊन पुन्हा फौज उभी करणं जमण्यासारखं होतं. ते सोडून तो स्वतः काकाच्या छावणीत गेला आणि स्वाधीन झाला. आपसात आणखी लढलो तर फायदा फक्त निजामाचा, हे सतराव्या वर्षी त्याला कळत होतं. पुढचे नऊ महिने तो नावाला पेशवा आणि खरा नजरकैदी. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड चाल हीच.

सत्ता हातात आल्यावर काकानं जुने हिशेब चुकते करायला घेतले. मिरजेच्या पटवर्धनांवर चाल केली, तर गोपाळराव पटवर्धन निजामाकडं गेला. नागपूरचा जानोजी भोसलाही तिकडंच. निजामाचा दिवाण कोण, तर विठ्ठल सुंदर, आपलाच मराठी माणूस. गेममध्ये एक बाजू निळी, एक लाल असते. इथं तुम्हाला रंगच ठरवता येणार नाहीत.

१७६३ मध्ये निजामअली मोठी फौज आणि तोफखाना घेऊन पुण्यावर निघाला. पेशव्यांनी समोरासमोर लढाई टाळली. तोफा जड, आपली घोडी हलकी. मग त्याला पुण्याकडं येऊ दिलं आणि आपण त्याच्याच मुलखात घुसून थेट हैदराबादच्या आसपास खंडणी वसूल केली. याची किंमत पुण्यानं मोजली. मे महिन्यात शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. लोक सिंहगडासारख्या किल्ल्यांच्या आसऱ्याला पळाले. वॉरगेममध्ये शहर सोडून वेळ विकत घ्यायची चाल आपण सहज खेळतो, कारण त्या ठिपक्यात आपलं घर नसतं.

पाऊस सुरू झाला. पावसाळा औरंगाबादेत काढायचा म्हणून निजाम परत फिरला. दरम्यान जानोजीला मुलखाचं वचन देऊन आतून फोडलं होतं. ऑगस्टमध्ये निजाम राक्षसभुवनपाशी आला. आणि इथं तुमचा एडिटर नीट वापरा. आज वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे, त्यामुळं आपल्याकडची गोदावरी बहुतेक वेळा वाळूच दाखवते. तेव्हा धरण नव्हतं. पात्र भरलेलं ठेवा. निजाम काही फौज घेऊन पलीकडं उतरला, आणि विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडं राहिला. त्याच वेळी जानोजी निजामाला सोडून बाजूला झाला. फौज दोन तुकड्यांत आणि मध्ये पुराची नदी. अशी संधी मोहिमेत एकदाच येते.

पेशव्यांची फौज तुटून पडली. पण विठ्ठल सुंदर कच्चा गडी नव्हता. त्यानं असा उलटा मारा केला की हत्तीवरचा रघुनाथरावच शत्रूच्या गराड्यात सापडला.

जरा पॉज करा. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं लष्करासाठी जो युद्धखेळ बनवला, त्याला आजच्या वॉरगेमचा आजा म्हणतात. त्यात मध्ये पंच बसायचा. तुमच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं तेवढंच तो तुम्हाला सांगणार, आणि तुमचा हुकूम घोडेस्वार पोचेल तेव्हाच पोचणार. माधवरावाची अवस्था तशीच धरा. ड्रोन नाही, मिनीमॅप नाही. वरचा सेनापती गराड्यात, म्हणजे हुकूम येणार कुठून? आणि तो सेनापती कोण, तर ज्यानं नऊ महिन्यांपूर्वी आपल्याला हरवून बसवलं तो. घटकाभर उशीर झाला असता तर गादीचा काटा शत्रूनंच काढला असता. कुणी बोट दाखवलं नसतं, राव.

माधवराव हुजुरातीची फौज घेऊन घुसला. काका सुटला, लढाई फिरली, विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या काठावर. मध्ये भरलेली गोदावरी, आणि त्याला काहीच करता येईना. सप्टेंबरात औरंगाबादेला तह झाला, ८२ लाखांचा मुलूख परत मिळाला. आणि या दिवसानंतर कारभार पुतण्याच्या हातात आला. पोरगा म्हणून त्याला बाजूला बसवणं आता काकालाही जमणार नव्हतं.

पुढची नऊ वर्षं भराभर सांगतो, कारण ती 'स्वामी' कादंबरीमुळं बऱ्याच जणांना माहीत आहेत. हैदरअलीवर लागोपाठ मोहिमा, जानोजीला दोनदा वठणीवर आणणं, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांकरवी दिल्लीत पुन्हा जम बसवणं. पानिपतानंतर दहा वर्षांत. १७६८ मध्ये काकानं पुन्हा फौज उभारली, तेव्हा धोडपला त्याला पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. मारलं नाही.

सगळा वेळ मात्र आतून क्षय पोखरत होता. कर्नाटकची शेवटची मोहीम अर्ध्यावर त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून त्याला परतावं लागलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला चिंतामणीच्या देवळात तो गेला. वय सत्तावीस. पत्नी रमाबाई सती गेल्या.

गादीवर धाकटा भाऊ नारायणराव बसला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला मारलं. रामशास्त्र्यांनी त्या खुनाचा दोष रघुनाथरावावर ठेवला, म्हणजे राक्षसभुवनला गराड्यातून काढलेल्या त्याच काकावर. नारायणरावही तेव्हा अठराचाच होता.